मोठे पिस्टन

वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या घराच्या फाटकाआत अडीच वर्षं एक जेट स्की होती, आणि तेवढ्या काळात तिच्याकडे बघून काही न विचारता पुढे गेलेला माणूस मला आठवत नाही. दूधवाला, मीटर वाचणारा, शेजारी आलेले पाहुणे, सगळ्यांचा एकच सवाल: "मैडम, ये है क्या?" आधी मी नीट सांगायची. पाण्यावरची मोटारसायकल समजा, पण हिच्यावर बसत नाहीत, उभं राहून चालवतात. पुढे पुढे मी "वॉशिंग मशीन है" म्हणून मोकळी व्हायला लागले. त्यावरही दोघा-तिघांचा विश्वास बसला. समुद्र इथून कुठल्याही दिशेला निघालं तरी दिवसभराच्या प्रवासावर, त्यामुळे मी लोकांना दोष देत नाही.

ती माझ्या मुलीची होती. मुलगी तेव्हा तेवीसची. नौदलातून निवृत्त झालेल्या एका प्रशिक्षकाकडे ती शिकायला जायची, त्याच्याकडचीच जुनी तिनं घेतली. पायाखाली एक उघडी पाटी, पुढे लांब दांडा, दांड्याच्या टोकाला हँडल, आणि हँडलवर बोटानं ओढायची एक लिव्हर. लिव्हर ओढली की पळते, सोडली की थांबते. पडलात तर मनगटाची दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होतं. धरायला, टेकायला दुसरं काहीही नाही. मी पहिल्यांदा तिला त्यावर उभी बघितली तेव्हा मला ती फारच बारीक दिसली.

माझी नोकरी विमानांचे इंधनपंप तपासण्याच्या कारखान्यात. एकतीस वर्षं झाली. पंप तपासणीच्या बाकावर चढवायचा, चालवायचा, कान देऊन ऐकायचा, आकडे जुळेपर्यंत नट फिरवायचा, आणि जुळले की त्या नटावर लाल लाखेचा ठिपका द्यायचा. लाल ठिपका म्हणजे हे तपासून झालं, आता कोणी हात लावायचा नाही. वरचा साहेबसुद्धा लावत नाही. ही सवय मी घरी आणली. गॅसचा रेग्युलेटर, गीझर, स्कूटरच्या ब्रेकचा नट, सगळ्यांवर माझे ठिपके. मुलगी त्यांतच वाढली. चार वर्षांची असताना घरी आलेल्या काकांना तिनं दटावलं होतं, "आई ने लाल लगाया है, मत छुओ." काका हसले, मीही हसले. मला अभिमान वाटला होता.

ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी मूळची साताऱ्याची. राग माझ्या नाकावर असतो, आणि चिडले की माझी मराठी जास्तच साताऱ्याची होते. त्यावर ती शांतपणे "जी आई" म्हणते, म्हणजे मी आणखी चिडते. नवरा बँकेत, बदल्यांवर बदल्या, महिन्यातून दोन शनिवारी घरी. कुठल्याही बाबतीत त्याचं मत एकच असायचं: आईला विचार. तर घरात आम्ही दोघीच, आणि फाटकाआत ती वॉशिंग मशीन.

त्या साली मोठ्या निवडचाचण्या होत्या आणि तिचं इंजिन लहान पडत होतं. त्यावर उपाय म्हणजे बिग बोअर किट. क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, तीच ठेवायची, त्यावर जास्त मोठ्या भोकाचं सिलिंडर बसवायचं आणि त्यात मोठे पिस्टन. किट परदेशातून आलं. तिनं ते जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि दोन्ही पिस्टन दोन हातांत घेऊन बसली. मी पोळ्या करत होते. "आई, इधर तो आइए." मी पिठाच्या हातानं गेले. पिस्टन खरंच सुंदर होते. पुण्यामुंबईतल्या बायका लेकीला साड्या दाखवतात, आम्ही पिस्टन बघितले.

फेब्रुवारीतले चार रविवार आम्ही त्या इंजिनावर घालवले, आणि माझ्या आयुष्यातले ते चार सगळ्यात चांगले रविवार असतील. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो, पण ते खरं आहे. एक्झॉस्ट सोडवला, कार्ब्युरेटर काढला, जुनं सिलिंडर वर उचललं. खाली क्रँककेसचं तोंड उघडं पडतं. त्यात आधी स्वच्छ फडकं कोंबायचं, कारण पिस्टनची पिन धरून ठेवणारी नखाएवढी तारेची क्लिप बसवताना उडते, आणि आत पडली तर सगळं इंजिन खोलावं लागतं. हे मी तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगणार तेवढ्यात क्लिप उडाली, माझ्या चष्म्यावर आपटली आणि अंगणात गेली. आम्ही दोघी रांगत शोधत होतो तेव्हा समोरचे गृहस्थ फाटकाशी येऊन म्हणाले, "कान की बाली गिर गई क्या?" तिला इतकं हसू आलं की ती फरशीवर आडवीच झाली. क्लिप पायपुसण्यात सापडली.

पिस्टनच्या रिंगा तिनं बसवल्या. प्रत्येक रिंग आधी नुसत्या सिलिंडरमध्ये सरकवायची, तिच्या दोन टोकांमधली फट पट्टीनं मोजायची, मगच पिस्टनवर चढवायची. तिनं मोजली, मी पुन्हा मोजली. "बरोबर," मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून सहज येत नाही हे तिला माहीत होतं. ती नुसती मान खाली घालून हसली, आणि तसंच खाली बघत म्हणाली, "आई, सिलेक्शन हो गया ना, तो गोवा में रहना पड़ेगा. पूरा साल. शायद आगे भी."

"बरं," मी म्हणाले.

सिलिंडर उतरवलं, हेड बसवलं, नट एका बाजूचा झाला की समोरचा, असे आलटून पालटून तीन फेऱ्यांत आवळले. इंजिन मोठं झालं की पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट बदलले. चौथ्या रविवारी बागेच्या नळीनं थंड पाणी जोडून पहिल्यांदा चालू केलं, काही सेकंदांपुरतंच. तिनं लिव्हर जरा ओढली. यंत्राचा आवाज ऐकून सही करणं हेच माझं काम, पण त्या आवाजावर माझी सही झाली नसती. सगळी स्की लाकडी ठोकळ्यांवर थरथरली. फाटकाची कडी वाजली. मुलगी माझ्याकडे बघून हसत होती.

भीती वाटली, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं सांगायला मला बरीच वर्षं लागली असती, पण आता सांगते. ती जिंकेल अशी मला खात्री वाटली. ती गोव्याला जाईल, तिथेच राहील, आणि मी कारखान्यातून येऊन कुलूप उघडीन, एका माणसाची डाळ टाकीन. मी तिला वाढवलं, तिला पाना धरायला शिकवलं, त्याचा शेवट हा. मला तिचा राग आला. तिनं काही केलं नव्हतं, तरी आला.

दुपारी ती पेट्रोल आणि त्यात मिसळायचं ऑइल आणायला गेली. मी कार्ब्युरेटरपाशी बसले. हँडलवरच्या लिव्हरपासून एक वायर येते आणि कार्ब्युरेटरची झडप उघडते. वायर किती ताणलेली असावी हे एका नटावर ठरतं. मी तो नट उलटा फिरवला, फिरवत राहिले. शेवटी अशी ढिली सोडली की लिव्हर हँडलला पूर्ण टेकली तरी आतली झडप निम्म्याहून जराशीच जास्त उघडावी. नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवायचं असतं, रनिंग-इन म्हणतात, त्याच्यासाठी करतेय असं मी मनात म्हणत होते. पंधरा दिवसांनी ताणून देऊ. मग मी घरात गेले, लाखेची बाटली आणली आणि नटावर लाल ठिपका दिला. तात्पुरत्या गोष्टीवर लाल देत नाहीत. हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

ती आली. सवयीनं लिव्हर ओढून पाहिली. "आई, शुरू में थोड़ी फ़्री जा रही है."

"मुद्दाम ठेवलीय. झटका बसत नाही."

तिनं वाकून बघितलं, ठिपका दिसला, झाकण लावलं. तिनं पुढे एक शब्द विचारला असता तर मी बहुतेक खरं बोलले असते. पण लाल दिसल्यावर आमच्या घरात कोणी विचारत नाही.

सराव बख्शी का तालाब या गावाच्या पलीकडे, एका शेतकऱ्याच्या मासे पाळायच्या तळ्यावर. तळं त्यातल्या त्यात मोठं, पण स्कीच्या मानानं टीचभर. जरा वेग घेतला की काठ येतो, वळावंच लागतं. तिथे लिव्हर पूर्ण ओढायची वेळ क्षणभरच यायची. शिवाय निम्म्या झडपेवरही हे इंजिन जुन्यापेक्षा जोरदार होतं. ती खुशीत होती. तळ्याचे मालक, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो, काठावर खाट टाकून बसायचे. डोक्यावरून विमान गेलं की वर बघायचे, मुलगी गेली की पाण्याकडे. "बिटिया तो जहाज़ से तेज़ है," म्हणायचे. रनिंग-इनचे पंधरा दिवस संपले. महिना संपला. नट होता तिथेच होता.

चाचण्या एका मोठ्या धरणाच्या पाण्यावर होत्या, दुसऱ्या राज्यात. मी गेले नाही. रजा शिल्लक होती, तरी नाही असं सांगितलं. दुपारी तिचा फोन आला.

"आई, मोड़ पे मैं सबसे आगे थी. सीधे में सब निकल जाते हैं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"सर कह रहे हैं कि मैं डर के हाथ छोड़ देती हूँ. मुझे पता भी नहीं चलता और छूट जाता है. आई, मुझे तो लगा मैंने पूरा दबाया था."

ह्या वेळी मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "अनुभवी माणूस आहे तो. म्हणतोय तर तसं असेल."

पुढचे सहा महिने तिनं स्वतःच्या बोटाशी भांडण मांडलं. टीव्ही बघताना रबराचा चेंडू दाबत बसायची. हँडलवर मार्करनं "छोड़ना नहीं" असं लिहिलं. सरावाला जाताना बोटाभोवती चिकटपट्टी गुंडाळायची. आधी न बघता रस्ता ओलांडणारी पोरगी आता फुटपाथवर थांबायला लागली. स्कूटर हळू चालवायला लागली. मागून कोणी हॉर्न दिला की बाजूला होऊन माफी मागायची. मी हे सगळं बघत होते आणि मूग गिळून बसले होते. सांगायचं ठरवलं की मला राग यायचा, आणि राग आला की मी तिच्यावरच ओरडायची. चेंडू सोफ्यात का ठेवलास, चिकटपट्टी वॉशबेसिनला का चिकटली. तापट माणसाला हा एक फायदा असतो. त्याचं तोंड सतत चालू असतं आणि बोलायचं ते राहून जातं.

ऑक्टोबरात निवडीची आणखी एक संधी होती. त्या दुसऱ्या चाचण्यांच्या दहा दिवस आधी ती भाजी निवडत होती. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "आई, मैं बचपन में भी डरपोक थी क्या?"

ती तीन वर्षांची असताना गच्चीच्या टाकीवर चढली होती. सहाव्या वर्षी तिनं गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडातून शेजारच्या पोराचा बूट ओढून आणला होता. हे सांगायचं सोडून मी म्हणाले, "असं काही नसतं," आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. रडले, पण त्याचं मला कौतुक नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर असताना मी लाख खरवडली आणि वायर जिथे असायला हवी तिथे आणली. ठिपका दिला नाही. ती आल्यावर म्हणाले, "वायर ताणून ढिली झाली होती. ठीक केली."

ती थबकली. "पहले से ढीली थी?"

"जराशी," मी म्हणाले.

"अच्छा," ती म्हणाली. झालं.

रविवारी तळ्यावर मीही गेले. पाणी गार होतं, चाचा शाल घेऊन खाटेवर. ती तळ्याच्या लांब बाजूनं निघाली आणि लिव्हर ओढली. आवाज चढला. रोजच्या जागी पोचला, आणि तिथे न थांबता वर गेला. ज्या आवाजाला मी घाबरले होते तोच. स्कीचं नाक उचललं, आणि त्याच क्षणी आवाज बंद. तिनं लिव्हर सोडली होती. वळून पुन्हा आली. पुन्हा तिथपर्यंत, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. आता तिला अडवणारं इंजिनात काही नव्हतं. सहा महिने ती रोज स्वतःला सांगत होती की मी सोडते, आणि आता ती सोडत होती.

ती काठावर आली. ओठ निळे पडलेले. मला वाटलं रडेल, पण तिचा चेहरा मोकळा दिसत होता, खूप दिवस अडलेलं उत्तर सापडावं तसा. "देखा आपने? सर सही कहते थे. आज पहली बार मुझे भी पता चला, मैं सच में छोड़ देती हूँ."

सगळं सांगायला मला चार वाक्यं लागली असती. यंत्र आज बदललंय. फेब्रुवारीपासून मी ते बांधून ठेवलं होतं. त्या दिवशी तू पूर्ण दाबलं होतंस. आज जे झालं ते कोणालाही पहिल्या दिवशी होतं. चाचा म्हणाले, "बिटिया को ठंड लग जाएगी, मैडम." मी टॉवेल पुढे केला आणि म्हणाले, "चल, गरम काहीतरी खाऊ."

दुसऱ्या चाचण्यांना ती गेली नाही. थंडीत अलीगंजमध्ये एका विमा कंपनीच्या ऑफिसात लागली. काम बरं आहे, माणसं बरी आहेत, असं ती म्हणते. सकाळी हेल्मेट घालून स्कूटरवर जाते, संध्याकाळी साडेसहा-सातला घरी. मी दोघींची डाळ टाकते. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या पदरात पडलंय. नवरा म्हणतो, पोरगी सेटल झाली, बरं झालं. हे मी मराठीत लिहितेय, कारण घरात मराठीची चार पानं एका बैठकीत वाचणारी मी एकटीच.

गेल्या उन्हाळ्यात तिनं स्की विकायची ठरवली. दुसऱ्या गावाहून एक तरुण पिकअप घेऊन आला. जाणकार होता. झाकण उघडून आत टॉर्च मारली, सिलिंडर बघितलं आणि म्हणाला, "इसका तो बोर बड़ा है. किसने किया?"

"मेरी मम्मी ने," ती म्हणाली. लोकांपुढे ती मम्मी म्हणते. "इंजन में कुछ मत छेड़िएगा भैया. जैसा है वैसा चलाइए."

"इतना अच्छा है तो बेच क्यों रही हैं?"

"कमी मशीन में नहीं थी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "मैडम, आप बताइए, सब ठीक है ना?"

"हाँ," मी म्हणाले. "सब ठीक है."

तिघांनी मिळून स्की पिकअपवर चढवली. दोऱ्या मी आवळल्या, कारण त्याच्या गाठी मला पटेनात. गाडी गल्लीच्या टोकाला वळली. फाटकाआत फरशीवर ठोकळ्यांचे चार फिकट चौकोन राहिले होते. ती माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला, ग्रीस लागलेलाच, आणि हळू आवाजात म्हणाली, "सॉरी आई. आपने इतनी मेहनत की थी. मैंने सब बेकार कर दिया."

"असू दे," मी म्हणाले, आणि तिला माफ केलं.